तलंग की कोंबडा? पहिल्याच दिवशी ओळखणाऱ्यांची गोष्ट

घोटीच्या आठवडे बाजारात गुलाबी, हिरव्या, निळ्या रंगात बुडवलेल्या पिल्लांची टोपली सगळ्यांनी पाहिली असेल. पोरं हट्ट करतात, आया घासाघीस करतात आणि विकणारा ठोकून सांगतो, "सगळ्या माद्या आहेत ताई, पाच महिन्यांत अंडी."

मंडळी, ही पिल्लं अंड्याच्या जातीची असतील तर ती जवळजवळ नक्की नर असतात. इतक्या खात्रीने मी हे सांगतोय, कारण तुमच्या आधी दुसऱ्या कुणीतरी ती पाहिलेली असतात. जन्माच्या पहिल्याच दिवशी एका जाणकार हाताने ती उचलली, तपासली, माद्या एका खोक्यात टाकल्या आणि नर दुसऱ्या. माद्या अंड्याच्या फार्मवर गेल्या. दुसऱ्या खोक्यातला माल टोपलीतून आपल्यापर्यंत आला.

हे ओळखायचं कसं, हा प्रश्न माणसाला फार जुना आहे. आपल्याकडे खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवताना म्हाताऱ्या बायका निवड करायच्या: टोकदार अंड्यातून कोंबडा, गोल अंड्यातून तलंग. पिल्लू मानेला धरून उचलायचं आणि पाय कसे लोंबतात ते बघायचं, हाही एक प्रकार. दोऱ्याला सुई बांधून अंड्यावर धरणारेही आहेत. गंमत म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीचा रोमन शेतीलेखक कोलुमेला टोकदार अंड्यातून नर निघतो असंच लिहून गेला, आणि त्याच्याही आधी ॲरिस्टॉटलने नेमकं उलटं लिहिलं होतं. दोघांचाही अंदाज निम्म्या वेळा बरोबर येत असणार, कारण पिल्लं साधारण निम्मी नर, निम्मी मादीच निघतात. आपल्या आज्यांचा अनुभव खरा ठरायचा तोही असाच.

शास्त्राने पहिली वाट काढली ती रंगाची. बारावीच्या बायोलॉजीत पनेटची चौकट येते ना, त्याच केंब्रिजच्या रेजिनाल्ड पनेटने पहिल्या महायुद्धात, ब्रिटनमध्ये धान्याची टंचाई असताना सुचवलं की ठरावीक जातींचा संकर करा, म्हणजे पिल्लाच्या रंगावरूनच नर कळेल आणि त्याच्यावर दाणा वाया जाणार नाही. उदाहरणार्थ ऱ्होड आयलंड रेडचा नर आणि पट्टेरी प्लायमाउथ रॉकची मादी. यांच्या नर पिल्लाच्या डोक्यावर पांढरा ठिपका असतो, मादीच्या नसतो. कारण पक्ष्यांमध्ये पिल्लाचं लिंग आईकडून ठरतं, माणसासारखं बापाकडून नाही. (आपल्याकडे मुलगी झाली की बोल सुनेलाच. तो कोंबडीला लावला तर निदान शास्त्राला धरून तरी होईल!)

पण अंड्यासाठी जगभर पाळली जाणारी व्हाइट लेगहॉर्न पडली पांढरी. तिची पिल्लं सगळी एकसारखी पिवळी. तिथे रंग चालेना.

तिथे जपानी लोक कामाला आले. टोकियोच्या कियोशी मासुई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२५ साली दाखवून दिलं की दिवसाच्या पिल्लाचं मलद्वार अंगठ्याने हलकेच उलगडलं तर आत टाचणीच्या डोक्याएवढा उंचवटा दिसतो. नरात तो ठळक असतो, मादीत बहुधा नसतो. १९२७ मध्ये कॅनडात ओटावाला जागतिक कुक्कुट परिषद भरली, तिथे हे जगापुढे आलं आणि पुढच्या काही वर्षांत जपानी जाणकार अमेरिका-कॅनडाच्या हॅचऱ्यांत फिरू लागले.

वाचायला सोपं वाटतं, पण काही माद्यांतही उंचवटा असतो आणि काही नरांत तो चपटा असतो. म्हणून हे पुस्तकातून येत नाही. शिकाऊ माणूस उस्तादाशेजारी बसतो, पिल्लू उचलतो, बोलतो, चुकला की उस्ताद सांगतो. असं हजारो वेळा. पक्का झालेला माणूस तासाला आठशे-हजार पिल्लं पाहतो आणि शंभरात दोन-तीनच्या वर चुकत नाही. कसं ओळखलं विचारलं तर अनेकांना धड सांगताही येत नाही. 'मिनारी' हा २०२० चा सिनेमा पाहिला असेल तर अमेरिकेत जाऊन हेच काम करणारं कोरियन जोडपं आठवेल. त्यात बाप लहान मुलाला सांगतो की नर पिल्लं टाकून देतात, कारण त्यांचा उपयोग नसतो.

पुढे पंखाची युक्ती आली. काही संकरात मादीचे मुख्य पिसांचे कोंब वरच्या पिसांपेक्षा लांब असतात, नराचे सारखे किंवा आखूड. हे कुणालाही लवकर शिकता येतं. पण लक्षात ठेवा, ते मुद्दाम जुळवलेल्या जातीतच चालतं. गावरान पिल्लाचा पंख पसरून कुणी छातीठोक सांगत असेल तर ऐकून घ्या, पैसे देऊ नका.

आता मूळ मुद्दा. गावच्या कोंबड्याला 'निरुपयोगी' कोण म्हणेल? आखाडात त्याचाच भाव असतो. नर टाकाऊ ठरला तो कोंबडीच्या धंद्याचे दोन तुकडे झाल्यावर. मांसासाठी ब्रॉयलर, जो साधारण चाळीस दिवसांत दोन किलोच्या घरात जातो. आपल्या इगतपुरी तालुक्यातल्या करारावरच्या शेडमध्ये तोच असतो आणि तिथे नर-मादीचं कुणाला काही पडलेलं नसतं. अंड्यासाठी लेयर, जिचा भाऊ ना अंडं देतो ना अंग धरतो. पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीजचे बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने १९८२ मध्ये अंडी समन्वय समिती उभी राहिली, टीव्हीवर ती संडे-मंडेची जाहिरात आली, अंडं घराघरात गेलं. पण अंडी देणाऱ्या प्रत्येक कोंबडीमागे एक नर जन्मतोच. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून अशी पिल्लं मारण्यावर बंदी घातली आणि तिथे अंड्यातच लिंग तपासणारी यंत्रं आली. आपल्याकडे त्यातली काही रंगवून बाजारात येतात.

हा इतिहास आपल्या बचतगटांच्या कामाचा आहे. पशुसंवर्धन विभागाच्या एकात्मिक कुक्कुट विकास योजनेत ५० टक्के अनुदानावर दोन प्रकार आहेत. एक, आठ ते दहा आठवड्यांच्या २५ तलंगा आणि ३ नर. दुसरा, एकदिवसीय १०० मिश्र पिल्लं. 'शंभर' ऐकून पाड्यावरच्या बायका दुसऱ्याकडे वळतात. पण मिश्र म्हणजे निम्मे कोंबडे धरूनच चालायचं. वर पिल्लाला ऊब द्यायची, लसी द्यायच्या, मुंगूस-मांजरापासून राखायचं, आणि मरतूक झाली तर ती आपलीच. तलंग दहा आठवड्यांची झाली की तुरा आणि पिसं बघून साध्या डोळ्यांनाही बहुतेक कळतं, म्हणून तिथे २५ आणि ३ असा आकडा लिहून देता येतो.

आखाडात कोंबडे विकायची तयारी असेल तर शंभर घ्या, हिशेब बसेल. घरच्या अंड्यांसाठी हव्या असतील तर २५ पुरे. अर्ज भरण्याआधी पंचायत समितीत पशुधन विकास अधिकाऱ्याला एवढंच विचारा: जात कोणती आणि मिश्र की माद्या?

टोपलीवाल्यालाही हेच विचारा. जात आणि हॅचरी. तो विषय बदलून रंग दाखवायला लागला, तर पोरासाठी एखादं खेळणं घ्या आणि पुढे चला.