डिस्क पार्टिशन ते लॉजिकल व्हॉल्यूम : सर्व्हरवरील साठवण-व्यवस्थेचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

संगणकाच्या इतिहासाचे लेखन बहुतांशी प्रोसेसर, प्रोग्रॅमिंगच्या भाषा आणि इंटरनेट यांभोवती झालेले आढळते. ज्या डिस्कवर सारी माहिती प्रत्यक्ष साठविली जाते, तिची वाटणी कशी होत गेली हा विषय मात्र तांत्रिक पुस्तिकांपुरताच मर्यादित राहिला. वस्तुतः सर्व्हर उभारताना डिस्कचे किती व केवढे भाग पाडावयाचे, हा पहिल्या तासाभरात घेतलेला निर्णय पुढे अनेक वर्षे बंधनकारक ठरत असे. शेताचा बांध एकदा पडला की तो हलविणे जसे दुष्कर, तशीच ही हद्द होती. लॉजिकल व्हॉल्यूमच्या कल्पनेने हा निर्णय बदलता येण्याजोगा केला. हे स्थित्यंतर कोणत्या कारणांनी घडले आणि त्याची किंमत काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वाटणीची गरज व तिचे प्रारंभीचे स्वरूप :

आयबीएम कंपनीने १९५६ मध्ये सादर केलेल्या रॅमॅक संगणकाच्या साठवण-यंत्रात ५० तबकड्या होत्या व त्यांवर सुमारे ५० लाख अक्षरे मावत. त्या काळी संपूर्ण डिस्क एकाच कामासाठी वापरली जात असल्याने वाटणीचा प्रश्न फारसा नव्हता. डिस्कची क्षमता वाढली आणि एकाच यंत्रावर अनेक व्यक्ती व अनेक कामे आली, तेव्हा तो उभा राहिला.

युनिक्स प्रणालीत डिस्कचे भाग पाडण्यामागे व्यवहारी कारणे होती. नोंदवह्यांच्या फाईली फुगून मूळ प्रणालीची जागा बळकावू नयेत, बिघाडानंतरची फाईल-प्रणालीची तपासणी आटोपशीर राहावी आणि प्रत्येक भागाची प्रत टेपवर स्वतंत्रपणे घेता यावी, ही त्यांपैकी प्रमुख होत. बर्कले विद्यापीठाच्या बीएसडी परंपरेत ‘ए’ हा मूळ फाईल-प्रणालीचा, ‘बी’ हा स्वॅपचा आणि ‘सी’ हा संपूर्ण डिस्कचा भाग मानण्याचा प्रघात पडला. मात्र या भागांच्या सीमा प्रारंभी डिस्कवर लिहिलेल्याच नसत. त्या ड्रायव्हर प्रोग्रॅममध्ये गोठविलेल्या असत. १९८८ च्या ४.३ बीएसडी-टाहो आवृत्तीत ‘डिस्क-लेबल’ आले आणि वाटणीचा दस्तऐवज प्रथमच त्या डिस्कवर नोंदला गेला.

वैयक्तिक संगणक व चार नोंदींचा वारसा :

मार्च १९८३ मध्ये आयबीएमचा पीसी-एक्सटी हा १० मेगाबाइटची हार्ड डिस्क असलेला संगणक आणि त्यासोबत पीसी-डॉस २.० ही प्रणाली बाजारात आली. डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांच्या सेक्टरमध्ये, प्रत्येकी १६ बाइटांच्या चार नोंदींचा एक तक्ता ठेवण्यात आला. एकाच डिस्कवर एकाहून अधिक प्रणाली नांदाव्यात हा त्यामागील हेतू होता. १० मेगाबाइटच्या डिस्कला चार नोंदी पुरेशा होत्या.

क्षमता वाढताच या तक्त्याच्या मर्यादा उघड झाल्या. सेक्टरांची संख्या डॉस १६ बिटांत मोजत असल्याने एक भाग ३२ मेगाबाइटपेक्षा मोठा होऊ शकत नसे. १९८७ च्या डॉस ३.३ मध्ये ‘एक्स्टेंडेड पार्टिशन’च्या पोटात अनेक भाग पाडण्याची सोय झाली. तक्त्यातील पत्ता मात्र ३२ बिटांचाच राहिल्याने, ५१२ बाइटांच्या सेक्टरवर सुमारे २.२ टेराबाइटची सीमा कायम राहिली. पुढे इंटेलच्या ईएफआय योजनेतून आलेल्या जीपीटी पद्धतीने ६४ बिटांचा पत्ता, सामान्यतः १२८ नोंदी आणि डिस्कच्या शेवटी तक्त्याची दुसरी प्रत देऊन ही कोंडी फोडली. तथापि जीपीटीनेही भाग हा डिस्कवरील सलग पट्टा असतो, हे मूळ गृहीतक बदलले नाही. पहिला भाग भरला आणि दुसरा रिकामा असला, तरी पहिल्याला ती जागा सहजासहजी देता येत नसे. सर्व माहितीची प्रत घेणे, डिस्क नव्याने विभागणे आणि माहिती परत भरणे, हाच खात्रीचा मार्ग होता.

लॉजिकल व्हॉल्यूमचा उदय :

हे गृहीतक मोडण्याच्या दृष्टीने १९९० हे वर्ष महत्त्वाचे ठरते. आयबीएमने आरएस/६००० या यंत्रांबरोबर एआयएक्सची तिसरी आवृत्ती सादर केली व तिच्यात लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजर अंतर्भूत होता. त्याची रचना त्रिस्तरीय होती. प्रत्यक्ष डिस्क म्हणजे फिजिकल व्हॉल्यूम. अशा डिस्कांचा सामाईक साठा म्हणजे व्हॉल्यूम ग्रुप. आणि त्या साठ्यातून कामापुरती कापून घेतलेली जागा म्हणजे लॉजिकल व्हॉल्यूम. साठा समान आकाराच्या लहान तुकड्यांत मोजला जात असल्याने एका व्हॉल्यूमचे तुकडे सलग असण्याची, किंबहुना एकाच डिस्कवर असण्याचीही गरज उरली नाही. माहितीचा पत्ता आणि तिचे प्रत्यक्ष ठिकाण यांची फारकत झाली, हे या रचनेचे ऐतिहासिक मर्म होय.

एचपी-यूएक्स प्रणालीनेही याच धर्तीची व्यवस्था स्वीकारली. अनेक प्रणालींवर चालणारा व्हॉल्यूम मॅनेजर वेरिटास कंपनीने विकसित केला. या कंपनीचे एक विकासकेंद्र पुण्यात होते.

लिनक्समधील स्वीकार :

लिनक्ससाठी हे काम १९९८ मध्ये हाइन्झ माउल्सहागेन यांनी हाती घेतले. त्यांनी एचपी-यूएक्सची रचना आदर्श मानली. जानेवारी २००१ च्या २.४ कर्नेलमध्ये ही सोय समाविष्ट होती. पहिल्या आवृत्तीत एका व्हॉल्यूमला सुमारे ६५ हजार तुकड्यांची मर्यादा होती. ४ मेगाबाइटचा तुकडा धरल्यास व्हॉल्यूम २५६ गिगाबाइटवर अडत असे.

दुसऱ्या पिढीविषयी २००२ मध्ये दोन पर्याय समोर होते : सिस्टिना कंपनीतील गटाचा लहानसा ‘डिव्हाइस मॅपर’ आणि आयबीएमच्या गटाची ‘ईव्हीएमएस’ ही व्यापक योजना. कर्नेलमध्ये डिव्हाइस मॅपरला स्थान मिळाले. त्यानंतर नोव्हेंबर २००२ मध्ये आयबीएमच्या गटाने कर्नेलमधील स्वतःचा भाग बाजूला ठेवून प्रतिस्पर्ध्याच्या पायावर आपली साधने उभारण्याचा निर्णय जाहीर केला. स्वतः केलेले काम सोडून देण्याचा हा निर्णय मुक्त स्रोत चळवळीच्या इतिहासात विशेष उल्लेखनीय आहे. डिसेंबर २००३ च्या २.६ कर्नेलपासून हीच व्यवस्था रूढ झाली.

लाभ व मर्यादा :

नवी डिस्क बसवून ती व्हॉल्यूम ग्रुपमध्ये मिळविणे, व्हॉल्यूम वाढविणे आणि मग त्यावरील फाईल-प्रणाली वाढविणे, ही कामे या व्यवस्थेत सर्व्हर चालू असताना करता येतात. परंतु वाढविणे जितके सोपे, तितके आक्रसणे नाही. ही मर्यादा फाईल-प्रणालीची असते. एआयएक्सवरील मूळ जेएफएस लहान करता येत नसे. लिनक्सवरील एक्स्ट-३ आधी वापरातून काढून मगच लहान करावी लागते. म्हणून साठ्यातील सर्व जागा प्रारंभीच वाटून न टाकता काही शिल्लक ठेवणे हा जाणत्यांचा प्रघात झाला.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. अनेक डिस्कांवर पसरलेल्या व्हॉल्यूममधील एक डिस्क निकामी झाली आणि तिची प्रतिकृती नसली, तर संपूर्ण व्हॉल्यूम धोक्यात येतो. डिस्कांची संख्या वाढते तशी ही शक्यताही वाढते. प्रतिकृती वा रेडसारखी तजवीज स्वतंत्रपणे करावीच लागते. १९८८ मध्ये पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनी रेडची जी मांडणी केली, ती याच भीतीतून. त्याच साठ्यात घेतलेला ‘स्नॅपशॉट’ हाही बॅकअप नव्हे, कारण मूळ डिस्कबरोबर तोही नष्ट होतो. परीक्षा विभागाचे निकाल किंवा ग्रंथालयाची सूची अशा सर्व्हरवर ठेवणाऱ्या महाविद्यालयांनी हा भेद लक्षात घेणे अगत्याचे आहे.

सन मायक्रोसिस्टिम्सने २००५ मध्ये खुल्या केलेल्या झेडएफएसने व्हॉल्यूम मॅनेजर आणि फाईल-प्रणाली हे दोन स्तर एकत्र आणले. लिनक्समध्ये २००९ साली बीटीआरएफएस याच दिशेने समाविष्ट झाली.

निष्कर्ष :

१) डिस्क-वाटणीच्या प्रत्येक पद्धतीत तिच्या काळातील क्षमतेचा अंदाज गोठविलेला होता आणि प्रत्येक अंदाज तोकडा ठरला.

२) लॉजिकल व्हॉल्यूमने अंदाज अचूक केला नाही, चुकलेला अंदाज दुरुस्त करण्याची संधी दिली. हेच तिचे खरे योगदान होय.

३) लवचीकता म्हणजे सुरक्षितता नव्हे. बांध हलविता आला, तरी पिकाची राखण वेगळी करावी लागते. माहितीच्या जतनाची जबाबदारी कोणत्याही रचनेने व्यवस्थापकाच्या खांद्यावरून उतरविलेली नाही.