संध्याछाया

जयवंत दळवी (1925–1994) यांचे गाजलेले मराठी नाटक. 1970च्या दशकाच्या पूर्वार्धात, 1971च्या भारत-पाक युद्धाच्या आठवणी ताज्या असताना, ते रंगभूमीवर आले. दिग्दर्शन विजया मेहता यांचे. नानींची भूमिकाही त्यांचीच. नाना झाले माधव वाटवे. म्हाताऱ्या नानी रंगवणाऱ्या मेहता तेव्हा जेमतेम चाळिशीच्या आसपास होत्या.

कथानक थोडके आहे. निवृत्त नाना आणि नानी घरात दोघेच. थोरला मुलगा अमेरिकेत, धाकटा सैन्यात. थोरला तिकडचाच होऊन जातो, धाकटा लढाईत कामी येतो. वाट पाहावी असे कुणी उरत नाही, तेव्हा हे जोडपे स्वतःच आयुष्य संपवते.

वार्धक्यातल्या एकटेपणाचे नाटक म्हणून ‘संध्याछाया’ची ओळख रूढ आहे. ती खरी, पण अपुरी. रणांगण इथे रंगमंचावर येत नाही. युद्ध दिवाणखान्यात शिरते ते बातमी होऊन. धाकट्याच्या मरणाची दळवींनी वीरगाथा केली नाही. परदेशाने नेलेला मुलगा आणि सीमेने नेलेला मुलगा आईबापांच्या हिशेबात शेजारी-शेजारी बसतात, आणि देशभक्तीपर नाटकांना सरावलेल्या प्रेक्षकाला हीच मांडणी अवघड जाते. (दळवी स्वतः मुंबईत अमेरिकी माहिती खात्यात अनेक वर्षे नोकरीला होते; अमेरिकेची ओढ त्यांना ऐकीव नव्हती.) त्याच सुमारास मेहतांनी ब्रेख्टचे ‘अजब न्याय वर्तुळाचा’ केले. चिं. त्र्यं. खानोलकरांच्या या रूपांतरात बंडाळीत आईने मागे टाकलेले मूल आहे. दळवींकडे मुलांवाचून उरलेले आईबाप आहेत.

जखमी होऊन परतणारा सैनिक मात्र या नाटकात नाही. प्रत्यक्षात तो शोधायला पुण्याशेजारच्या पिंपरी-चिंचवडपासून लांब जावे लागत नाही. दापोडीत लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय, पलीकडे देहूरोडची छावणी, आणि वेशीवर खडकी. पहिल्या महायुद्धात अपंग झालेल्या हिंदी सैनिकांना हातचे काम शिकवण्यासाठी 1917 मध्ये मुंबईत निघालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट पुढे खडकीतच आली. मणक्याला इजा झालेल्या जवानांसाठीचे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्रही तिथेच आहे. तिथल्या दिनक्रमाला व्हीलचेअरची चाके जोडलेली असतात.

मुरलीकांत पेटकर हे या बाजूचे ठळक उदाहरण. लष्कराच्या ईएमई या तांत्रिक दलातले हे सांगलीकडचे जवान मुष्टियोद्धे होते. 1965च्या युद्धात गोळ्या लागून त्यांच्या कमरेखालचा भाग निकामी झाला. पोहणे सुरू झाले ते उपचार म्हणून. 1972 मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक त्यांनी 37.33 सेकंदांत मिळवले. टेल्कोने त्यांना पुण्यात नोकरी दिली. पद्मश्री यायला मात्र 2018 उजाडले. 2024 मध्ये त्यांच्यावर ‘चंदू चॅम्पियन’ हा हिंदी चित्रपट आला. त्यांच्या आयुष्यावर नाटक झाले असते, तर दळवींच्या नाटकाला जोड मिळाली असती.

‘संध्याछाया’चा हिंदी अनुवाद कुसुम कुमार यांनी केला आणि तो हिंदी रंगभूमीवरही वारंवार उभा राहत आला आहे. दोन मुख्य पात्रे, एकच घर आणि सगळा भार अभिनयावर असल्याने हौशी संस्थांनाही ते झेपते. वठवणे तेवढे कठीण जाते, कारण नाना-नानींना रडवेले केले की नाटक कोसळते.