बहुरूपी आणि त्याचा वाटाड्या

गांवोगांव हिंडणारा बहुरूपी आपल्या परिचयाचा आहे. आज राजाचें, उद्यां फौजदाराचें सोंग घेऊन तो दारीं येई. पण सोंग कोणतें घ्यावयाचें हें तो स्वतःच ठरवी. रूप पालटण्याचें सामर्थ्य एकाच्या अंगीं आणि तें केव्हां पालटावें ही बुद्धि दुसऱ्याच्या ठायीं, अशी वांटणी झाली तर? या कल्पनेवर रचलेल्या एका खेळाचा इतिहास मी आज सांगणार आहें. हा खेळ मैदानांतला नव्हे. पडद्यावर खेळावयाचा, म्हणजे मुलें ज्याला व्हिडिओ गेम म्हणतात त्या जातीचा आहे.

त्याचे कर्ते डेव्हिड क्रेन हे अमेरिकन गृहस्थ. ते प्रथम अटारी कंपनींत होते. तेथील खेळांचा खप मोठा. परंतु खेळ रचणाराचें नांव वेष्टनावर कोठेंही छापीत नसत. याला कंटाळून क्रेन, ॲलन मिलर, बॉब व्हाइटहेड व लॅरी कॅप्लन हे बाहेर पडले आणि १९७९ सालीं जिम लेव्ही यांच्यासह त्यांनीं ॲक्टिव्हिजन ही संस्था काढली. यंत्र एका कंपनीचें आणि त्यावरील खेळ दुसऱ्या स्वतंत्र मंडळीचे, ही प्रथा येथून सुरू झाली. खेळाबरोबरच्या पुस्तिकेंत कर्त्याचें नांवही येऊं लागलें.

१९८२ सालीं क्रेन यांचा 'पिटफॉल' निघाला. त्यांतील वीर खेळणाराच्या हातांतील दांडीसरशी धांवे, उडी मारी, वेलीला लोंबकळून तळें ओलांडी. दांडी हलली कीं वीर हलला. मध्यें तिसरें कोणी नाहीं. पुढें क्रेन गॅरी किचन यांच्या अब्सोल्यूट एंटरटेनमेंट या संस्थेंत गेले, आणि तेथून १९८९ सालीं निन्टेंडोच्या यंत्रासाठीं 'अ बॉय अँड हिज ब्लॉब' हा खेळ प्रसिद्ध झाला. ब्लॉब म्हणजे निश्चित आकार नसलेला लिबलिबीत गोळा.

पिटफॉलच्या वीराला जें येत होतें तें या मुलाला येत नाहीं. त्याला साधी उडीही मारतां येत नाहीं. उंचावरून पडला तर तो मरतो. त्याच्यापाशीं आहेत त्या फक्त जेलीबीन नांवाच्या गोड गोळ्या. एक गोळी फेकावी. ब्लॉब ती खातो आणि रूप पालटतो. ज्येष्ठमधाची गोळी खाऊन तो शिडी होतो, व्हॅनिलाची खाऊन छत्री, स्ट्रॉबेरीची खाऊन पूल. शीळ घातली कीं पुन्हां मूळचा गोळा. यांत शाब्दिक कोट्याही आहेत. 'पंच' हें एका पेयाचें नांव, आणि भोंक पाडणें यालाही इंग्रजींत पंच म्हणतात. म्हणून पंचच्या गोळीनें जमिनींत भोंक पडतें. 'कॅचप'ची गोळी फेकली तर मागें राहिलेला ब्लॉब येऊन मुलाला गांठतो, कारण 'कॅच अप' म्हणजे गांठणें. ब्लॉबच्या ग्रहावरील दुष्ट सम्राट प्रजेला केवळ मिठाईवर ठेवतो. त्याच्याविरुद्ध उपाय काय, तर जीवनसत्त्वें!

येथें एक मर्म आहे. खेळणारा मुलाला चालवितो, ब्लॉबला नव्हे. शिडी कोठें उभी राहील हें ब्लॉब कोठें उभा आहे यावर अवलंबून, आणि तो तर आपल्या चालीनें मागून येणारा. शिवाय गोळ्या मोजक्या. एक वायां गेली कीं ती गेलीच. त्यामुळें बोटांची चपळाई निरुपयोगी ठरते आणि सोबत्याचा स्वभाव ओळखणें हीच विद्या ठरते.

हीच दिशा पुढें स्कॉटलंडमधील डंडी शहरांतल्या डीएमए डिझाइन या मंडळीनें निराळ्या रीतीनें चोखाळली. १९९१ सालच्या त्यांच्या 'लेमिंग्ज' या खेळांत चिमुकल्या जीवांची रांग आंधळेपणानें चालत असते. तिला वळवितां येत नाहीं. एखाद्याला खणावयास, दुसऱ्याला पूल बांधावयास, तिसऱ्याला वाट अडवून उभें राहावयास सांगावें, एवढेंच खेळणाराच्या हातीं. अशीं कामें एकंदर आठ. रूप पालटत नाहीं, काम पालटतें. पण आज्ञा अप्रत्यक्षच.

शिक्षकाच्या पेशांत ज्याचें आयुष्य गेलें त्याला हा प्रकार अनोळखी नाहीं. विद्यार्थ्याचें गणित गुरुजींनीं सोडविलें तर फळा भरतो, विद्यार्थी रिकामाच राहतो. योग्य वेळीं योग्य सूचना द्यावी आणि हात मागें घ्यावा, हें त्या धंद्यांतील सर्वांत कठीण काम होय. विशेष असा कीं, आपल्या नांवासाठीं नोकरी सोडणाऱ्या क्रेन यांनीं नायक निर्माण केला तो मात्र दुसऱ्याच्या सामर्थ्यावांचून पाऊल न टाकूं शकणारा. कर्तृत्व एकट्याचें नसतें, हें त्या खेळानें न सांगतां शिकविलें.

२००९ सालीं वेफॉरवर्ड या अमेरिकन संस्थेनें निन्टेंडोच्या वी या यंत्रासाठीं हा खेळ नव्यानें रचला. गोळ्यांची मोजदाद त्यांनीं काढून टाकली आणि एक नवी कळ ठेविली. ती दाबली कीं मुलगा ब्लॉबला कवटाळतो. कोणतेंही कोडें सोडविण्यासाठीं तिची गरज नाहीं. परंतु ज्याला आपण वीस वर्षें शिडी, पूल आणि छत्री म्हणून वापरलें, त्याला एकदां नुसता सोबती म्हणून जवळ घ्यावें, हें कर्त्यांना सुचलें. वाटाड्याचें शिक्षण येथें पुरें झालें, असें मला वाटतें.