अफूजन्य वेदनाशामक व उलटीरोधक औषध यांची जोडी : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

शस्त्रक्रियेच्या इतिहासात वेदनेवरील विजयाची कथा विस्ताराने लिहिली गेली आहे. १८४६ साली बोस्टन येथे मॉर्टन यांनी केलेला इथरचा प्रयोग आणि १८४७ मधील सिम्प्सन यांचा क्लोरोफॉर्म यांना त्या कथेत मानाचे स्थान आहे. भुलीतून जागे होताना रुग्णाला होणारी मळमळ व उलट्या यांची दखल त्या मानाने कमी घेतली गेली. वेदनाशामकाबरोबर उलटीरोधक औषध देण्याची पद्धत आज इतकी स्वाभाविक वाटते की, ती प्रथमपासून याच हेतूने रूढ झाली असावी असा समज होतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. जोडीतील दुसरे औषध बहुधा रुग्ण शांत राहावा म्हणून आले आणि त्या शांततेचा अर्थ पुष्कळदा त्याला न विचारताच लावला गेला.

मूळ अडचण अफूतच आहे. मॉर्फिन वेदना शमविते, त्याचबरोबर मेंदूच्या तळाकडील उलटीस चालना देणारा भागही चेतविते. १८६९ मध्ये मॅथिसन व राइट यांनी मॉर्फिनवर हायड्रोक्लोरिक आम्लाची प्रक्रिया करून ॲपोमॉर्फिन तयार केले, ते तर उलटी करविण्याचेच औषध ठरले. पुढे मॉर्फिनसोबत ॲट्रोपिन व स्कोपोलामिन देण्यात येऊ लागले. पहिल्याचा हेतू स्राव कमी करणे हा, तर दुसऱ्याचा गुंगी व विस्मरण हा होता. स्कोपोलामिनने मळमळही आवरते, पण तो त्या काळी गौण लाभ होता.

फ्रेंच नौदलातील शल्यचिकित्सक आंरी लाबोरी यांनी या प्रवाहाला नवे वळण दिले. पेथिडीन, प्रोमेथाझिन आणि १९५० मध्ये तयार झालेले क्लोरप्रोमाझिन यांचे त्यांचे मिश्रण ‘लिटिक कॉकटेल’ म्हणून ओळखले गेले. शस्त्रक्रियेच्या आघाताला शरीराने दिलेला अतिरेकी प्रतिसाद रोखणे, हा त्यांचा उद्देश होता. रुग्ण जागा असूनही भोवतालाविषयी उदासीन होतो, ही गोष्ट त्यांनी १९५२ मध्ये नोंदविली. या नोंदीने क्लोरप्रोमाझिन मनोरुग्णालयांत पोहोचले, हा इतिहास सुपरिचित आहे. त्याची उलटीरोधक शक्ती भूलशास्त्राच्या कामी आली, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. भारतीय रुग्णालयांत दीर्घकाळ परिचित असलेली पेंटाझोसीन व प्रोमेथाझिन ही जोडी याच कुळातील होय.

सर्वांत बोधप्रद प्रकरण इन्नोवारचे आहे. बेल्जियममधील पॉल यान्सेन यांच्या प्रयोगशाळेत १९६० मध्ये फेंटानिल व त्यापाठोपाठ ड्रोपेरिडॉल तयार झाले. त्यापूर्वीच, १९५९ मध्ये, द कास्त्रो व मुंदेलेर यांनी अशा दुहेरी पद्धतीची संकल्पना मांडली होती. अमेरिकेत फेंटानिलला परवानगी मिळण्याच्या वेळी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील भूलतज्ज्ञ रॉबर्ट ड्रिप्स यांनी हरकत घेतली. औषध अतितीव्र आहे, त्याने स्नायू ताठरतात व त्याचा गैरवापर होईल, असे त्यांचे म्हणणे होते. तडजोड म्हणून एक भाग फेंटानिलला पन्नास भाग ड्रोपेरिडॉल अशा ठरीव मिश्रणास १९६८ मध्ये मान्यता मिळाली. ड्रोपेरिडॉलच्या अप्रिय परिणामांमुळे कोणी हे मिश्रण व्यसनासाठी वापरणार नाही, असा त्यामागील हिशेब होता. म्हणजे उत्तम उलटीरोधक असलेले हे द्रव्य येथे पहारेकरी म्हणून नेमले गेले, आणि पहाऱ्याची किंमत रुग्णाने मोजावयाची होती!

ठरीव प्रमाणातील दोष लवकरच ध्यानात आला. फेंटानिलचा प्रभाव तासाभरात ओसरतो, ड्रोपेरिडॉलचा कित्येक तास टिकतो. वेदनेसाठी मिश्रण पुन्हा दिले की ड्रोपेरिडॉल साचत जाई. बाहेरून निश्चल दिसणारे काही रुग्ण आतून विलक्षण अस्वस्थ व भयभीत असत, हे त्यांनी नंतर सांगितल्यावरच कळले. १९७२ मध्ये फेंटानिल स्वतंत्रपणे उपलब्ध झाले आणि इन्नोवार मागे पडले.

१९९१ मध्ये ओन्डान्सेट्रॉन आले, तेव्हा प्रथमच गुंगी न आणता उलटी रोखणे बऱ्याच अंशी साधले. डिसेंबर २००१ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने हृदयाच्या लयीवरील परिणामामुळे ड्रोपेरिडॉलबाबत कडक इशारा दिला. तरीही आप्फेल व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, पाच हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात ओन्डान्सेट्रॉन, डेक्सामेथासोन व ड्रोपेरिडॉल या प्रत्येकाने उलटीचा धोका सारखाच, सुमारे २६ टक्क्यांनी, घटविला. त्या अभ्यासातील ड्रोपेरिडॉलची मात्रा १.२५ मिलीग्रॅम होती. इन्नोवारच्या अवघ्या २ मिलीलिटरमध्ये ती ५ मिलीग्रॅम असे.