सानिया मिर्झा: टेनिसची २० वर्षे आणि कमाईचा हिशोब

भारताची सर्वात यशस्वी महिला टेनिसपटू सानिया मिर्झा हिचा जन्म १५ नोव्हेंबर १९८६ रोजी मुंबईत झाला, पण ती वाढली हैदराबादेत. सहाव्या वर्षी रॅकेट हातात आली. वडील इमरान मिर्झा हेच तिचे कोच. २००३ मध्ये ती व्यावसायिक खेळाडू झाली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दुबईत शेवटचा सामना खेळली. या काळात बक्षिसांतून तिने सुमारे ७२ लाख डॉलर कमावले.

हा आकडा ऐकला की पालक लगेच विचारतात, मुलीला टेनिसला घालू का? जरूर घाला, पण हिशोब आधी समजून घ्या. ७२ लाखांना २० वर्षांनी भागलं तर वर्षाला साडेतीन लाख डॉलरच्या आसपास येतात. आणि ही रक्कम खर्च वजा करण्याआधीची आहे. टेनिसपटूला क्रिकेटसारखा बोर्डाचा पगार नसतो. कोच, फिजिओ, विमान, हॉटेल, सगळं स्वतःच्या खिशातून. वर ज्या देशात स्पर्धा, तिथला कर बक्षिसातून आधीच कापला जातो. पहिल्याच फेरीत हरलं तरी विमानाचं तिकीट काही परत मिळत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. सानियाची सुरुवात एकेरीत जोरदार होती. २००५ मध्ये हैदराबाद ओपन जिंकून ती एकेरीचं डब्ल्यूटीए विजेतेपद मिळवणारी पहिली भारतीय महिला ठरली, त्याच वर्षी अमेरिकन ओपनच्या चौथ्या फेरीत पोहोचली. (त्या वर्षी चर्चा मात्र खेळापेक्षा तिच्या कपड्यांचीच जास्त झाली, हे आपल्या समाजानेही लक्षात ठेवावं.) २००७ मध्ये ती जागतिक क्रमवारीत २७ वी होती. पुढे मनगटाने आणि गुडघ्याने साथ सोडली, शस्त्रक्रिया झाल्या आणि अखेर एकेरी सोडून दुहेरीवर लक्ष द्यावं लागलं.

दुहेरीत ती १३ एप्रिल २०१५ रोजी जगात पहिली आली आणि एकूण ९१ आठवडे त्या जागेवर राहिली. मार्टिना हिंगिससोबत विम्बल्डन, अमेरिकन ओपन आणि ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली, सलग ४१ सामने हरली नाही. मिश्र दुहेरीतही ३ ग्रँड स्लॅम. पण पैशाचं बघा. २०१५ च्या विम्बल्डनमध्ये एकेरीच्या विजेतीला १८ लाख ८० हजार पौंड मिळाले. दुहेरीच्या विजेत्या जोडीला ३ लाख ४० हजार, तेही दोघींत वाटून. म्हणजे सानियाच्या वाट्याला १ लाख ७० हजार. मैदान तेच, स्पर्धा तीच, रक्कम अकरापट कमी. विम्बल्डनने २००७ पासून स्त्री-पुरुषांना समान बक्षीस दिलं, पण एकेरी-दुहेरीतली दरी तशीच राहिली.

जाहिराती मिळतात त्या नाव झाल्यावर. नाव होण्याआधीची दहा-बारा वर्षं घरानेच ओढायची असतात, आणि मिर्झा कुटुंबाने ती ओढली. २०१८ मध्ये मुलगा झाला, जानेवारी २०२० मध्ये सानिया परतली आणि होबार्टची पहिलीच स्पर्धा नादिया किचेनोकसोबत जिंकली. २०१३ मध्ये तिने हैदराबादजवळ स्वतःची टेनिस अकादमीही सुरू केली होती.