‘रौप्यबाण’ : एका नामाची व एका आख्यायिकेची चिकित्सा

दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या जर्मन शर्यती मोटारींस ‘झिल्बरफाइल’ म्हणजे ‘रौप्यबाण’ हे नाव कसे पडले, याविषयी एक आख्यायिका रूढ आहे. मर्सिडीज-बेंझच्या शर्यती पथकाचे व्यवस्थापक आल्फ्रेड नॉयबाउअर यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या आठवणींत ती येते. जून १९३४ मध्ये न्यूर्बुर्गरिंग येथील आयफेल शर्यतीच्या पूर्वसंध्येस नव्या ‘डब्ल्यू २५’ मोटारीचे वजन ७५१ किलोग्रॅम भरले. मर्यादा ७५० ची होती. तेव्हा रातोरात मोटारीचा पांढरा रंग खरवडण्यात आला, आतील ॲल्युमिनियम उघडे पडले आणि रौप्यबाण जन्मास आला!

ही कथा प्रमाण मानण्यास तीन अडचणी आहेत. एक, ती शर्यत मुक्त नियमांची होती. वजनाची अट तीस लागूच नव्हती. दुसरी, ऑटो युनियन या प्रतिस्पर्धी कंपनीच्या मोटारी त्यापूर्वीच, मे महिन्यात, बर्लिनच्या आव्हुस मार्गावर रुपेरी रंगात धावल्या होत्या. तिसरी अडचण नामाचीच आहे. १९३२ साली त्याच मार्गावर मान्फ्रेड फॉन ब्राउखिच यांच्या ॲल्युमिनियमच्या मोटारीस समालोचकाने ‘रुपेरी बाण’ म्हटले होते. नाम आधी आणि त्याची व्युत्पत्तिकथा मागाहून, हा क्रम भाषेच्या अभ्यासकास अपरिचित नाही.

तथापि कथेतील ७५० चा आकडा मात्र कल्पित नव्हे. चालक, इंधन, तेल, पाणी व टायर वगळून मोटारीचे वजन ७५० किलोग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असा नियम ग्रां प्री शर्यतींस १९३४ ते १९३७ या काळात लागू होता. वजनास आळा घातला की एंजिन लहान राहील व वेगही मर्यादित होईल, हा त्यामागील हेतू. घडले उलटे. एंजिनाच्या आकारास बंधन नसल्याने अभियंत्यांनी हलके मिश्रधातू वापरून वाचविलेले वजन एंजिनास दिले. १९३४ च्या ‘डब्ल्यू २५’ चे आठ सिलिंडरांचे एंजिन सुमारे ३.४ लिटरचे होते. १९३७ च्या ‘डब्ल्यू १२५’ चे सुमारे ५.७ लिटरचे झाले व त्याची शक्ती ५५० अश्वशक्तीच्या पुढे गेली. ऑटो युनियनसाठी फेर्डिनांड पोर्शे यांनी सोळा सिलिंडरांचे एंजिन चालकाच्या पाठीमागे बसविले. अखेरीस १९३८ पासून नियमकर्त्यांना एंजिनाचा आकारच ठरवून द्यावा लागला : सुपरचार्जरसह ३ लिटर, त्यावाचून ४.५ लिटर.

या यंत्रांमागे आणखी एक बळ होते. १९३३ साली सत्तेवर आलेल्या नाझी राजवटीने दोन्ही कंपन्यांस द्रव्यसाहाय्य दिले आणि त्यांच्या विजयांचा प्रचारासाठी उपयोग करून घेतला. रंग खरवडण्याच्या कथेत यास स्थान नाही. तीत आहे ते केवळ एका व्यवस्थापकाचे प्रसंगावधान आणि कारागिरांची एका रात्रीची मेहनत. यास्तव ही आख्यायिका चुकीची आहे एवढेच दाखवून थांबणे पुरेसे नाही. ती सांगताना काय गाळले गेले, हेही इतिहासाच्या अभ्यासकाने पाहिले पाहिजे.