एम.कॉम. (लेखाशास्त्र), कोल्हापूर

वाणिज्य शाखेच्या पदवीनंतर लेखाशास्त्र हा विशेष विषय घेऊन करायची दोन वर्षांची विद्यापीठीय पदवी. बोलण्यात तिला ‘अकाउंटन्सी घेऊन एम.कॉम.’ म्हणतात. कोल्हापुरात ती शिवाजी विद्यापीठ देते. विद्यानगरच्या आवारातला वाणिज्य व व्यवस्थापन अधिविभाग, संलग्न महाविद्यालये आणि नोकरदारांना सोयीचे पडणारे दूरशिक्षण असे तिचे मार्ग आहेत. विद्यापीठ १८ नोव्हेंबर १९६२ रोजी स्थापन झाले. २००४ मध्ये सोलापूरचे वेगळे विद्यापीठ निघाल्यापासून त्याचे कार्यक्षेत्र कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांपुरते आहे. पदवीचा विचार करताना हा भूगोल बाजूला ठेवता येत नाही. सहकारी साखर कारखाने, दूध संस्था, विकास सेवा सोसायट्या, पतसंस्था आणि नागरी बँका यांची इतकी दाटी देशात फार थोड्या विद्यापीठांच्या वाट्याला आली आहे, आणि या प्रत्येक संस्थेला दरवर्षी ३१ मार्चचा ताळेबंद सभासदांपुढे मांडावा लागतो. तरीही कोल्हापुरात या पदवीचा भाव ठरतो तो सी.ए.शी तुलना करून. सी.ए. जमले नाही म्हणून एम.कॉम., किंवा आर्टिकलशिप चालू असताना जोडीला एक पदवी असावी म्हणून एम.कॉम., असा सर्वसाधारण समज आहे. प्रस्तुत नोंदीचे म्हणणे असे की हे माप चुकीचे आहे. या पदवीचे खरे क्षेत्र सहकारी संस्थांचा हिशेब हे आहे, आणि तिचा खरा उणेपणाही तिथेच दिसतो.

सी.ए.शी तुलना होते याला कारण आहे, आणि ते जुने आहे. मुंबईत १९१३ मध्ये सिडनहॅम कॉलेज निघाले तेव्हा वाणिज्य हा विद्यापीठात शिकायचा विषय झाला. पण हिशेब तपासून त्यावर सही करण्याचा हक्क पदवीकडे आला नाही. मुंबई सरकारने १९१८ मध्ये लेखाशास्त्राची स्वतंत्र शासकीय पदविका सुरू केली, तिच्यासाठी जाणत्या हिशेबतपासनिसाच्या हाताखाली उमेदवारी आवश्यक ठेवली, आणि शिकवणे विद्यापीठाकडे व सही पेढीकडे अशी वाटणी पडली. १९४९ च्या चार्टर्ड अकाउंटंट्स कायद्याने ती पक्की केली. आजही कंपनीच्या वैधानिक लेखापरीक्षणावर किंवा आयकर कायद्याखालच्या करलेखापरीक्षणावर एम.कॉम. झालेल्याची सही चालत नाही. सी.ए.च्या इंटरमीजिएटला थेट प्रवेश मिळवण्यासाठी वाणिज्य पदवीधराला ५५ टक्के गुण लागतात. पुढची दोन वर्षे खर्च करून एम.कॉम. केले तरी एकाही पेपरातून सूट मिळत नाही. उलट दिशेने मात्र दार उघडे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने मार्च २०२१ मध्ये सी.ए., कंपनी सेक्रेटरी आणि कॉस्ट अकाउंटंट या पात्रता पदव्युत्तर पदवीच्या बरोबरीच्या मानल्या. म्हणजे सी.ए. हा एम.कॉम.च्या तोलाचा ठरतो, एम.कॉम. सी.ए.च्या तोलाचे ठरत नाही. एवढ्यावर थांबले तर ‘मग एम.कॉम. कशाला?’ हा पालकांचा प्रश्न बिनतोड वाटतो.

अमेरिकेत तो तसा पडला नाही, कारण तिथे पदवी परवान्याला बांधलेली होती. तिथल्या हिशेबतपासनिसाच्या, म्हणजे सी.पी.ए.च्या, परवान्यासाठी १५० क्रेडिट-तासांचे शिक्षण हवे, अशी अट फ्लोरिडाने १९८३ मध्ये घातली आणि पुढे ती जवळजवळ सर्व राज्यांत पसरली. चार वर्षांच्या पदवीत साधारण १२० तास भरतात. उरलेले तीस भरून काढायला लेखाशास्त्राची मास्टर्स पदवी सोयीची झाली. पण हा टेकू कायद्याचा होता, विषयाचा नव्हता. हुशार मुले खर्चाला भिऊन दुसरीकडे वळू लागली तशी राज्ये अट सैल करू लागली. ओहायोने जानेवारी २०२५ मध्ये पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव असा दुसरा मार्ग खुला करणारा कायदा केला. कायद्याने दिलेली किंमत कायदा काढूनही घेतो. कोल्हापूरच्या एम.कॉम.ला असा टेकू कधी नव्हताच, त्यामुळे तिची किंमत विषयातूनच काढावी लागते.

तो विषय कसा दिसतो, हे गावच्या दूध संस्थेच्या दप्तरात पाहता येते. गोकुळ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची स्थापना १९६३ ची. सकाळ-संध्याकाळ संस्थेत दूध येते, फॅट आणि एस.एन.एफ. पाहून दर लागतो, दहा दिवसांनी बिल निघते. खरा पेच दिवाळीच्या तोंडावर येतो, जेव्हा उत्पादकाला वर्षभर घातलेल्या दुधावर ‘फरक’ मिळतो. हा फरक म्हणजे नेमके काय? दुधाची राहिलेली किंमत, की नफ्यातला वाटा? समजा एका संस्थेकडे फरक देण्यापूर्वी ८ लाख रुपये शिल्लक आहेत आणि तिला ६ लाख फरक वाटायचा आहे. फरक खरेदीखर्चात धरला तर निव्वळ नफा २ लाख उरतो, आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकायचा म्हटले तर ५० हजार बाजूला पडतात. तोच फरक नफ्याची वाटणी म्हणून दाखवला तर नफा ८ लाख आणि राखीव निधी २ लाख. दूध तेच, पैसे तेच, सभासदांच्या हाती पडणारी रक्कमही तीच. पण एका पद्धतीत संस्थेच्या गाठीशी चौपट निधी राहतो. शिवाय लाभांश भागभांडवलावर मिळतो आणि कायद्याने त्याला १५ टक्क्यांची मर्यादा आहे, तर फरक घातलेल्या दुधावर मिळतो आणि त्याला तशी मर्यादा नाही. कोणत्या सदरात रक्कम टाकायची हा कारकुनी प्रश्न वाटतो. प्रत्यक्षात संस्था सभासदाकडे मालक म्हणून पाहते की माल पुरवणारा म्हणून, हे तिथे ठरते. कंपनीच्या हिशेबात हा गोंधळ उद्भवत नाही, कारण तिथे भागधारक आणि पुरवठादार बहुधा वेगळी माणसे असतात.

उसाच्या बाबतीत हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि तो याच विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातून गेला. सरकारने ठरवलेल्या किमान दरापेक्षा सहकारी कारखान्यांनी उसाला दिलेला जादा दर म्हणजे सभासदांना वाटलेला नफा आहे, तो खर्च म्हणून वजा होणार नाही, असे आयकर खात्याचे म्हणणे होते. कारखान्यांचे म्हणणे होते की हा उसाचा दर आहे आणि दर हा खर्चच असतो. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुका सहकारी साखर कारखान्याच्या प्रकरणात न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये दोघांचेही टोकाचे म्हणणे मान्य केले नाही. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ मधील कलम ५-अ खाली हंगामाअखेर ठरणाऱ्या दरात नफ्याचा काही अंश येतो. म्हणून कारखान्याचे हिशेब आणि दर ठरवतानाची कागदपत्रे पाहून तो अंश किती हे कर निर्धारण अधिकाऱ्याने काढावे आणि तेवढाच नफ्याचा वाटा मानावा, असा निर्णय झाला. न्यायालयाने कायद्याचा प्रश्न सोडवला आणि उरलेला प्रश्न लेखाशास्त्राकडे परत पाठवला, असे म्हटले तर वावगे होणार नाही. पुढे संसदेनेच वाट काढली. सरकारने ठरवलेल्या किंवा मंजूर केलेल्या दरापर्यंतची रक्कम खर्च धरण्याची तरतूद २०१६-१७ या कर निर्धारण वर्षापासून आधीच लागू होती; २०२३ च्या अर्थसंकल्पात ती सवलत त्याआधीच्या वर्षांनाही दिली गेली आणि सहकारी कारखान्यांना सुमारे १० हजार कोटी रुपयांचा दिलासा मिळेल असे सांगण्यात आले. एवढा मोठा आकडा ‘हा खर्च की वाटणी?’ या एका प्रश्नावर वर्षानुवर्षे लटकला होता. एम.कॉम.च्या वर्गात शिकवायला याहून जवळचे आणि जिवंत उदाहरण शोधून सापडणार नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की सहकारी हिशेबासाठी वेगळी परीक्षा आधीच आहे. ती आहे, आणि तिला कोल्हापुरात मानही आहे. सहकार आयुक्त घेत असलेली शासकीय सहकार व लेखा पदविका, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली जी.डी.सी. अँड ए., पास झालेला अनुभवी पदवीधर प्रमाणित लेखापरीक्षक म्हणून शासनाच्या नामतालिकेवर येऊ शकतो आणि संस्थांचे ऑडिट करू शकतो. अधिनियमाच्या कलम ८१ मध्ये अशा लेखापरीक्षकाला, आणि सी.ए.लासुद्धा, संस्थांच्या कामकाजाची माहिती आणि मराठीचे कामचलाऊ ज्ञान असले पाहिजे असे म्हटले आहे. हे रास्तच आहे, कारण कीर्द, खतावणी, तेरीज आणि सभेचे इतिवृत्त हे सगळे दप्तर मराठीत असते. एम.कॉम.ला मात्र इथेही साध्या पदवीपेक्षा वेगळे स्थान नाही. पण आक्षेपातला जोर तपासला पाहिजे. जी.डी.सी. अँड ए. ही नियम माहीत असल्याची परीक्षा आहे: ताळेबंद ‘एन’ नमुन्यात कसा मांडायचा, राखीव निधी किती काढायचा, अ ते ड यांपैकी कोणता ऑडिट वर्ग केव्हा द्यायचा. नियम असा का आहे, तो चुकीच्या दिशेने ढकलतो का, दूध संस्थेला आणि साखर कारखान्याला एकच नमुना पुरतो का, हे विचारणे तिचे काम नाही. ते विद्यापीठाचे काम आहे. ज्या पदवीला सहीचा हक्क नाही तिला निदान प्रश्न विचारण्याची मोकळीक तरी आहे.

ती मोकळीक वापरली जाते का, हा मात्र अवघड जागेचा प्रश्न आहे. वाणिज्याचे पदव्युत्तर पाठ्यपुस्तक सामान्यतः कंपनीभोवती फिरते: विलीनीकरण, धारक कंपनीचे एकत्रित ताळेबंद, भागांचे मूल्यांकन, लेखामानके. हे यायला हवेच; शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींतल्या कारखान्यांना आणि मोठ्या बँकांना ते लागते, आणि नेट-सेटमध्येही त्याचा उपयोग होतो. पण या भागातल्या विद्यार्थ्याच्या घरी ज्या संस्थेचा वार्षिक अहवाल येतो तो वाचायला एवढ्याने तो तयार होत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात २०२३-२४ पासून आलेल्या आराखड्याने इथे एक फट ठेवली आहे. दोन वर्षांच्या ८८ श्रेयांकांपैकी पहिल्या वर्षी संशोधन पद्धतीला ४ आणि प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला ४, दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्पाला १० श्रेयांक आहेत. एकूणाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त भार असा आहे की तो संस्थेच्या दप्तरात बसून पेलता येतो. एखाद्या दूध संस्थेचे दहा वर्षांचे ताळेबंद घेऊन फरक दोन्ही पद्धतींनी मांडून पाहणे हा प्रकल्प कोणाही मेहनती विद्यार्थ्याच्या आवाक्यातला आहे. त्याऐवजी वीस-पंचवीस प्रश्नांची प्रश्नावली, टक्केवारीचे तक्ते आणि ‘ग्राहक समाधानी आहेत’ असा निष्कर्ष निघाला, तर दोष आराखड्याला देता येणार नाही.

दुसरा आक्षेप पोटाचा आहे. प्राध्यापकीसाठी नेट किंवा सेट लागते, त्यासाठी पदव्युत्तर पदवीला खुल्या गटात ५५ आणि राखीव गटात ५० टक्के. ते करूनही पूर्णवेळ जागा मोजक्याच आणि तासिका तत्त्वावरचे मानधन तुटपुंजे. हे खरे आहे, आणि पदवीची जाहिरात करताना ते लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. मात्र त्यावरून निघतो तो निष्कर्ष एवढाच की अध्यापन हा या पदवीचा मुख्य रोजगार धरू नये. बँका, पतसंस्था, कारखान्यांचे लेखा विभाग यांत ज्यांना टाचणापलीकडचे काम करायचे आहे त्यांच्यासाठी तिचा उपयोग आहे. पण तो पहिल्या नोकरीत दिसत नाही. तो दिसतो तेव्हा माणूस लेखा विभागाचा प्रमुख झालेला असतो आणि संचालक मंडळापुढे फरकाचा ठराव लिहून द्यायची वेळ त्याच्यावर येते.

तिसरा आक्षेप संगणकाचा. टॅली आले, आता विकास सेवा सोसायट्याही संगणकावर चालल्या. केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये देशातल्या अशा ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. मग तेरीज जुळवायला दोन वर्षे शिकायचे कशाला? तेरीज जुळवायला नकोच. ते काम यंत्र माणसापेक्षा बरे करते. पण ६ लाखांचा फरक नोंदवताना तेच यंत्र पडद्यावर सदर विचारते, खरेदी की नफा-विभागणी, आणि जिथे बोट दाबाल ते निमूट मान्य करते. दोन्हींपैकी काहीही निवडले तरी ताळेबंद जुळतो.